बिरादार सरांचा मधला पीस

आमच्याकडं स्टेजवर गाणं चालू असलं आणि गाणारी पोरगी कडवं संपवून थांबली, नुसतं म्युझिक वाजायला लागलं, की लोक समजतात मध्यंतर झालं. कुणी पाण्याला उठतं, कुणी शेजारणीला साडी कुठून घेतली ते विचारतं, आणि सूत्रसंचालक माइक उचलून सांगतो, की स्टेजच्या मागं लावलेली पांढरी जीप ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढून घ्यावी. ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. रिकामी जागा दिसली की आपली माणसं तिथं रुमाल टाकणारच. बिरादार सरांचं म्हणणं होतं, की ती जागा रिकामी नसते. एवढं एक म्हणणं लोकांना पटवण्यात त्यांनी अख्खी नोकरी घालवली.

सर भोकरला आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी विज्ञान. मी नांदेडहून रोज ये-जा करायची. सरांचं घर उदगीरला आणि भोकरला एक खोली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, खिशाला निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. आणि खोलीवर एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड, ज्याला त्यांच्या अव्वा, म्हणजे आई, ‘लाइटीची पेटी’ म्हणायच्या. लाइट गेली की अव्वांना बरं वाटायचं, असं सरांनीच एकदा सांगितलं.

दुसऱ्याचं ऐकून तसंच्या तसं वाजवणं त्यांना मान्य नव्हतं. “ते टायपिंग झालं,” म्हणायचे. प्रार्थना असो की स्वागतगीत, चाल तेवढी ठेवायची आणि तिच्याभोवतीचं सगळं नवं बांधायचं: सुरुवातीला काय वाजेल, ठेका कुठला, बेस कुठं पाऊल टाकेल, व्हायोलिनं कधी येतील आणि कधी जातील. हे सगळं ते आलेखाच्या कागदावर काढायचे. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर वाद्यं. एक घर म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन. ठेका निळा, बेस काळा, बासरी लाल. मग तो कागद समोर ठेवून एकेक वाद्य कीबोर्डच्या मेमरीत भरायचं. एखादं वाद्य चार घरं ऐकून “बेडा” म्हणून काढून टाकायचे. बेडा म्हणजे कन्नडमध्ये नको. उदगीरकडं कन्नड घरात ये-जा करतं. त्यांच्या खोलीबाहेर उभं राहिलं की आतून ठेका, व्हायोलिन, “बेडा”, ठेका, सनई, “बेडा” असं तासभर ऐकू यायचं. घरमालकीणबाईंना बरीच वर्षं तो गाण्याचाच मुखडा वाटत होता.

“गाणं गाणाऱ्याचं असतंय मॅडम,” ते मला म्हणायचे, “मधला पीस तेवढा आपला.”

मधला पीस म्हणजे दोन कडव्यांमधलं म्युझिक. सरांचा जीव तिथं. आणि नेमका तिथंच देशमुख सरांचाही.

देशमुख आमचे पी.टी.चे शिक्षक. मनानं लाख माणूस. सरांचा कीबोर्ड, स्टँड, वायरींची पिशवी, सगळं स्टेजवर तेच उचलून आणायचे. आवाज असा खर्जातला, की शिट्टीची गरज नव्हती. पण माइक हातात आला की देशमुखांचा देशमुखांवर ताबा राहायचा नाही. माझ्या पहिल्याच गॅदरिंगला स्वागतगीताचं पहिलं कडवं संपलं, सरांची बासरी सुरू झाली, आणि देशमुख उठले. “एक लहान मुलगी सापडलेली आहे. नाव सांगत नाही. भजं खाऊन राहिली आहे.” बासरी संपेपर्यंत ते त्या मुलीच्या फ्रॉकचा रंग, चपला आणि भज्यांविषयी बोलत राहिले. पोरींनी दुसरं कडवं उचललं तसे सभ्य माणसासारखे खाली बसले. कडव्यात ते कधी बोलायचे नाहीत. गाण्याचा मान राखायचे.

सरांनी उपाय केले नाहीत असं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मधल्या पीसमध्ये ढोल घातले. देशमुख ढोलाच्या वर बोलले. त्याच्या पुढच्या वर्षी सोळा घरांचा पीस दोन घरांवर आणला. देशमुखांचं वाक्य पोरींच्या कडव्यात घुसलं आणि दोन पोरी रडल्या. शेवटी सरांनी मुख्याध्यापकांकडं लेखी अर्ज दिला. मुख्याध्यापक नियमाला पक्के. त्यांनी सूचना काढली, की म्युझिक चालू असताना कुणीही माइकवर बोलू नये. ही सूचना देशमुखांनी पुढच्या गॅदरिंगला सगळ्यांना खणखणीत वाचून दाखवली. म्युझिक चालू असताना.

सर त्या दिवशी स्टेजवरून उतरले आणि मला म्हणाले, “मॅडम, एक डाव. आयुष्यात एकच डाव माझा पीस लोकांनी गप बसून ऐकावा. चांगला म्हणू नये. नुसता ऐकावा.” मी म्हटलं, “ऐकतील सर.” काय म्हणणार दुसरं?

लातूरच्या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, आम्ही शाळेतले सगळे गेलो होतो. सरांनी ठरवलं, की मंगलाष्टकंही नीट बसवायची. स्वामींना, म्हणजे लग्न लावणाऱ्या जंगमांना, त्यांनी आठ दिवस आधी गाठून गाण्याची पट्टी कुठली, आवाज कुठवर जातो, सगळं विचारून घेतलं. प्रत्येक अष्टकाला वेगळी व्हायोलिनं. आणि तिसऱ्या अष्टकानंतर, सरच ते, बारा घरांचा मधला पीस.

तिसरं अष्टक झालं. “सावधान” झालं. लोकांनी चार दाणे टाकले आणि चौथ्याची वाट बघू लागले. चौथं येईना. व्हायोलिनं वाजतायत, सनई वाजतेय, स्वामी डोळे मिटून उभे. अंतरपाट धरलेल्या दोन्ही मामांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढा वेळ कुणी काही म्हणत नाही म्हणजे लग्न लागलं असणार, असं मागं कुणाला तरी वाटलं आणि त्यानं मुठीतल्या सगळ्या अक्षता भिरकावल्या. मग काय विचारता! दोनशे मुठी रिकाम्या झाल्या, अंतरपाट खाली आला, बाहेर बँड सुटला, पोरीनं घाबरून हार घातला, पोरानं घातला, आणि निम्मा मंडप जेवायला पळाला. सरांचा पीस बरोबर बाराव्या घरावर संपला. स्वामींनी डोळे उघडले, रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं आणि चौथं अष्टक सुरू केलं. घेतलेलं काम अर्धं टाकणाऱ्यांतले ते नव्हते.

सरांच्या थोरल्या भावांनी त्यांना वर्षभर तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. सरांचं दुःख वेगळंच होतं. “बँडवाले थांबले असते,” म्हणाले, “तर चार घरं तरी ऐकू आली असती.” ते जोडपं लातुरातच सुखानं नांदतंय. अष्टकं कमी पडली म्हणून काही अडलं नाही.

शेवटच्या तीन-चार वर्षांत मात्र सरांची गाणी बिघडायला लागली. आधी आम्हाला वाटलं वयामुळं हौस वाढली. कारण प्रत्येक गाण्यात घंट्या यायला लागल्या. पंधरा ऑगस्टच्या गाण्यात घंट्या, निरोपाच्या गाण्यात घंट्या, प्रार्थनेत तर अशा, की पहिल्या रांगेतली पोरं कानात बोटं घालून हात जोडायचा प्रयत्न करायची. बासरी एवढी मोठी केलेली, की दात शिवशिवायचे. स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची. “सरांनी गाणं बसवलं का देऊळ?” मीही हसले आहे त्यात. आज सांगायला लाज वाटते.

त्यातच कीबोर्ड बिघडला. म्हणजे सर म्हणाले बिघडला. तीनदा नांदेडला नेऊन आणला. दुरुस्तीवाला तिन्ही वेळा म्हणाला, की काही झालेलं नाही. सरांनी त्याला, “तुमाला काम येत न्हाई, तर दुकान कामून टाकलाव?” असं विचारलं, आणि चौथ्यांदा नेण्यासाठी कीबोर्ड घेऊन ते स्टाफरूममध्ये बसले होते. पाचवा तास होता. आम्ही दोघंच.

“बगा मॅडम,” म्हणाले, “ह्या वरच्या सगळ्या पट्ट्या गेल्या. घंटीबी न्हाई, बासरीबी न्हाई. दाबून दाबून बेजार झालो. बगा.” आवाज पूर्ण केलेला होता. त्यांनी शेवटची पट्टी दाबली.

घंटी अशी कडाडली, की मी डोळे घट्ट मिटून मान फिरवली. त्यांनी दुसरी दाबली. मी परत तशीच. मग आवाज थांबला. मी डोळे उघडले तर सर माझ्याकडं बघत होते. कीबोर्डकडं नाही, माझ्याकडं. त्यांनी तिसरी पट्टी दाबली, अगदी हळू, माझ्या डोळ्यांवरची नजर न काढता, आणि माझी पापणी हलली.

नववीला ध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवते. वयानं आधी वरचे सूर जातात, खालचे राहतात, हे मला पाठ आहे. घंट्या का वाढल्या, पोरींना ते सारखं “तोंड उघडून म्हणा” का म्हणतात, माझ्याशी बोलताना ओठांकडं का बघतात आणि देशमुखांशी बोलताना का नाही, सगळं एका क्षणात कळलं.

सर कीबोर्ड बंद करून म्हणाले, “दुरुस्तीवाल्याला लई बोललो ओ मी.” दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते नांदेडला गेले ते कानाच्या डॉक्टरांकडं नव्हे, आधी त्या दुरुस्तीवाल्याची माफी मागायला. डॉक्टर मग.

कानाचं मशीन मिळालं. वर्गात लावायचे, गाण्याला बसले की काढून खिशात. “माणसांचं बोलणं येतंय त्यातून,” म्हणाले, “बासरी मात्र पत्र्यावर खिळा घासल्यावानी येती. त्यापरास न्हाई ऐकलेली बरी.” आणि मला बजावलं, की कुणाला बोलायचं नाही. बहिऱ्याचं गाणं म्हटलं की लोक ऐकायच्या आधीच कीव करतात, ते नको. मी शपथ घेतली नाही, पण बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी सगळी गाणी परत काढली आणि घंट्या उपटून टाकल्या. कानानं नाही, हिशोबानं. बासरीचा आवाज किती ठेवायचा, हे जुन्या कागदांवरून, जेव्हा कान चांगले होते तेव्हाच्या आकड्यांवरून. एका वर्षात आमची प्रार्थना परत ऐकण्यासारखी झाली. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, सर सुधारले.

निवृत्ती आली. निरोप समारंभात नववीची सानिया गाणार होती, आणि स्वतःच्या निरोपाचं गाणं बसवायला सर स्वतःच बसले, कारण दुसरं कोण बसवणार? त्यात मधला पीस सोळा घरांचा. ठेका बंद, बेस बंद, व्हायोलिनं बंद. एकटी बासरी, तीही वरच्या सप्तकात, मेमरीत न भरता सर हातानं वाजवणार. मी कागद पाहिला. सोळा घरं नुसती लाल.

“सर, खालच्या सप्तकात घ्या ना,” मी त्यांच्याकडं तोंड करून सावकाश म्हटलं. “तुम्हालाही ऐकू येईल.”

“सानियाचा आवाज वर संपतोय. बासरीनं तिथूनच उचलायला पायजे.” मग कागदाची घडी घालत, “मला ऐकू यावं म्हणून गाणं बदलू? काय बोलता मॅडम तुमी पण.”

फक्त एक काम त्यांनी मला दिलं. स्पीकरमधून बासरी बाहेर येतेय का नाही हे त्यांना कळणार नव्हतं. म्हणून मी समोरच्या खांबापाशी उभं राहायचं, आणि बासरी ऐकू येत असेल तोवर एक बोट वर धरायचं. बोट खाली गेलं तर ते आवाज वाढवणार. एवढंच.

राहता राहिले देशमुख. मी त्यांना आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं, की उद्या मधल्या पीसमध्ये बोलू नका. “छे छे! मॅडम, मी कशाला बोलतोय?” म्हणाले, आणि मला माहीत होतं की हा माणूस मनापासून म्हणतोय आणि मनापासून बोलणार आहे.

समारंभ झाला शाळेच्या मैदानात, मांडव घालून. भाषणं झाली. दुपारचे दोन वाजलेले, मागं वरणाचा वास सुटलेला, माणसं वळवळायला लागलेली. देशमुखांनी गाण्याची घोषणा केली आणि बिनवायरचा माइक टेबलावर ठेवला. सानियानं पहिलं कडवं उचललं. मी टेबलाजवळच बसले होते. नोकरीत मी खडूचा तुकडासुद्धा घरी नेलेला नाही. पण त्या कडव्यात मी पदराखाली तो माइक घेतला, बूड फिरवून दोन्ही सेल काढले, बूड लावलं, माइक जागेवर ठेवला, आणि सेल मुठीत धरून खांबापाशी जाऊन उभी राहिले.

कडवं संपलं. सगळी वाद्यं थांबली. बासरी सुरू झाली. मी बोट वर केलं.

आणि देशमुख उठले.

माइक तोंडाला लावून ते, मैदानावरच्या नाही, माइकसाठी ठेवलेल्या हळू, अदबीच्या आवाजात बोलायला लागले. आवाज नाही. माइकवर टिचकी मारली, परत बोलले. आता लोकांनी त्यांना उठलेलं पाहिलं होतं आणि दोन वाजले होते. ही घोषणा जेवणाचीच असणार ह्यात कुणाला शंका नव्हती. ती चुकू नये म्हणून सगळा मांडव एकदम चिडीचूप झाला. बायकांनी पोरांची तोंडं दाबली. मागची माणसं पुढं झुकली. आणि त्या शांततेत सरांची बासरी एकटी वाजत होती. मी बावीस वर्षं शेजारी बसून ती बासरी कधी नीट ऐकली नव्हती. किती साधी होती, आणि किती चांगली! माझं मलाच वाईट वाटलं.

सरांनी मान वर करून पाहिलं. देशमुखांचं तोंड हलतंय. माइक तोंडाशी आहे. आणि आवाज नाही. देशमुखांचा आवाज ही सरांची शेवटची ठेव होती, तो मशीनशिवायही ऐकू यायचा. मी सरांचा चेहरा पांढरा पडताना पाहिला. हात पट्ट्यांवर एकदा अडखळला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोट आणखी वर केलं, खांदा दुखेपर्यंत. ते माझ्या बोटाकडं बघत वाजवत राहिले. सोळाही घरं. मग ठेका परत आला, सानिया आली, आणि देशमुख खाली बसले.

सर त्याच संध्याकाळी उदगीरला गेले. त्यानंतर आमची भेट नाही. त्यामुळं माझ्याकडं आहे ते हे, गाणं झाल्यानंतरचं.

लोक पंगतीला पळाले तेव्हा सर स्टेजवरच वायरी गुंडाळत बसले होते. मी गेले. ते मान वर न करता म्हणाले, “देशमुख बोलत होता. मला एक अक्षर आलं न्हाई. म्या म्हणलं, गेलं. तेबी गेलं.”

मी मूठ उघडली. सेल बघायला त्यांना जरा वेळ लागला, आणि कळायला आणखी जरा.

“म्हंजे कुणालाच आलं न्हाई?”

“कुणालाच नाही.”

“मग लोक काय करत होते?”

“गप होते. सगळे. शेवटपर्यंत.”

त्यांनी वायर खाली ठेवली. “पीस कसा झाला?”

आता इथं चांगला झाला म्हणायला माझं काय जात होतं? पण नुसतं तेवढंच म्हणून सोडणं मला जमेना. “चांगला झाला,” मी म्हटलं, “पण सर, नवव्या घरात एक सूर चुकला.”

मला वाटलं, माणसाचं मन मोडलं मी, तेही निवृत्तीच्या दिवशी. तर सर ताडकन उभे राहिले. “चुकला? नवव्यात?” चेहरा असा उजळला, की मी एवढ्या वर्षांत तो पाहिला नव्हता. “मॅडम, आजवर कुणी माझ्या पीसमधली चूक काढली न्हाई. ऐकल्याबिगर चूक कशी काढणार? तुमी ऐकलाव! कसा चुकला? म्हणून दावा.”

मला गाता येत नाही. आमच्या घरात मी देवापुढंही ओठ मिटून असते. “म्हणून दावा,” सर परत म्हणाले आणि खिशातलं मशीन न काढताच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी घसा खाकरला आणि जमेल तेवढा आवाज खाली नेऊन, अगदी पुरुषी भसाड्या आवाजात, बासरी म्हणायला सुरुवात केली. पहिलं घर, दुसरं घर. सर माझ्या ओठांकडं बघत नव्हते. डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते.

पाचव्या घराला देशमुख स्टेजच्या पायऱ्या चढून आले. “सर, चला की, पंगत बसली, तुमच्यासाठी थांबलेत...”

सरांनी डोळे न उघडता तळहात वर केला. “गप. पीस चालू हाय.”

देशमुख तिथंच, शेवटच्या पायरीवर थांबले. हात मागं बांधून उभे राहिले. मी सहाव्या घरापासून पुढं म्हणायला लागले.